स्थूलता आणि आत्महत्येचा धोका (किशोरवयीन)

किशोरवयात (१० ते १९ वर्षे) वाढलेले वजन आणि आत्महत्येचे विचार, प्रयत्न वा मृत्यू यांच्यातील संबंध. विचार व प्रयत्न यांच्याशी तो अनेक पाहण्यांत आढळतो. प्रत्यक्ष मृत्यूंच्या आकडेवारीत मात्र काही ठिकाणी चित्र उलटे दिसते. प्रस्तुत नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीभाषक सीमाभागाच्या संदर्भात केली आहे.

मोजमाप : स्थूलता बहुधा बीएमआयवरून (बॉडी मास इंडेक्स) ठरवतात (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग). हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले याने साधारणपणे १८३० च्या दशकात मांडले; आजचे नाव ॲन्सेल कीज व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये रूढ केले. वाढत्या वयात एकच आकडा चालत नाही, म्हणून वय व लिंगानुसार तक्ते वापरावे लागतात आणि येथूनच घोळ सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा तक्ता सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) वर स्थूलता मानतो. आंतरराष्ट्रीय स्थूलता कृतिगटाच्या तक्त्यात १८ व्या वर्षी अतिवजनासाठी २५ व स्थूलतेसाठी ३० या रेषा आहेत. भारतीय बालरोग अकादमीने २०१५ मध्ये प्रौढांच्या २३ व २७ शी जुळणाऱ्या रेषा घेतल्या, कारण भारतीयांत कमी बीएमआयलाही मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. परिणामी निपाणीतील १८ वर्षांची, १५७ सेंमी उंच व ६९ किलो वजनाची मुलगी (बीएमआय सुमारे २८) अकादमीच्या तक्त्यावर स्थूल ठरते, इतर दोहोंवर केवळ अतिवजनी. दोन अभ्यासांचे निष्कर्ष शेजारी ठेवण्यापूर्वी तक्ता कोणता, हे पाहणे म्हणूनच आवश्यक. भारतात २०१६–१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात सुमारे ५ टक्के किशोरवयीन अतिवजनी वा स्थूल आढळले, तर सुमारे २४ टक्के कृश.

कारणमीमांसा : क्रिस्प व मॅकगिनेस यांनी १९७६ मध्ये लंडनजवळच्या मध्यमवयीनांच्या पाहणीवरून ‘आनंदी लठ्ठपणा’चे गृहीतक मांडले. लठ्ठ पुरुषांत चिंता व नैराश्य कमी आढळले होते. पुढे २००६ मध्ये स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक तरुणांच्या लष्करभरतीच्या नोंदींवरून बीएमआय ५ ने वाढला की आत्महत्येचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी घटतो, असे दिसले. पण भरतीच्या नोंदी पुरुषांच्याच. त्यांवरून शाळकरी मुलींविषयी बोलणे धाडसाचे होईल.

याउलट अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांच्या २००१ च्या पाहणीवरील ईटन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात (२००५) विद्यार्थी स्वतःला किती जाड वा बारीक समजतात, हे आत्महत्येचे विचार व प्रयत्न यांच्या बाबतीत प्रत्यक्ष बीएमआयपेक्षा महत्त्वाचे दिसले. मोजमापाने सर्वसाधारण असूनही स्वतःला जाड समजणारे, तसेच स्वतःला फार हडकुळे समजणारेही या धोक्यात येतात. नैराश्याचे नाते दुहेरी आहे : २०१० च्या एका संकलित विश्लेषणात (अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून) स्थूल व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्तांना स्थूलता येण्याची सुमारे ५८ टक्क्यांनी अधिक आढळली (यांत प्रौढांचा भरणा मोठा). वजनाचे ओझे किलोपेक्षा आरशातून आणि लोकांच्या तोंडून अधिक येते, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते.

सीमाभाग : बेळगाव–कोल्हापूर पट्ट्यात तालमीची परंपरा असल्याने अंगाने भरलेल्या मुलाला ‘पैलवान’ ही हाक कौतुकाची असते, चेष्टेचीही. मुलीला तशी पळवाट नाही. ‘किती सुटलीस गं’ हे वाक्य लग्नसमारंभात पाहुण्यांकडूनच ऐकू येते. डॉक्टरांनीही मुलासमोर केवळ वजनावर बोट ठेवणे टाळावे, असे आता सुचवले जाते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात आत्महत्येची कारणे पोलिसांच्या नोंदीवरून येतात : कौटुंबिक प्रश्न, आजार, परीक्षेतील अपयश इत्यादी. वजनाचा रकाना त्यात नाही. २०२२ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या (२२,७४६), कर्नाटकात १३,६०६. प्रयत्नांची नोंद त्याहून लंगडी असावी. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ असेपर्यंत अनेक घरे प्रयत्न ‘अपघात’ म्हणून सांगत. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ ने (अंमल २०१८ पासून) अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ रोजी दंड संहितेबरोबर कलमही गेले.

सेवा : राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालील (२०१४) समुपदेशन केंद्रे कर्नाटकात ‘स्नेह’, तर महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिक म्हणून ओळखली जातात. बेळगावकरांना मानसोपचाराची मोठी संस्था जवळची म्हणजे धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही मोफत, चोवीस तासांची दूरध्वनी सेवा (१४४१६) कन्नडप्रमाणेच मराठीतही समुपदेशन करते.