डासाच्या डीएनएत दडलेले विषाणूंचे तुकडे

डेंग्यूची साथ आली की एक वाक्य हमखास कानावर पडतं: डास म्हणजे उडती सुई, एकाचं रक्त प्यायला आणि दुसऱ्याला चावला की झालं. हे साफ चूक आहे. एडिस इजिप्ती डासाची मादी रुग्णाचं रक्त प्यायली तरी लगेच कुणाला डेंग्यू देऊ शकत नाही. विषाणू आधी तिच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, तिथे वाढतो आणि शरीरभर पसरत लाळग्रंथींपर्यंत पोचतो. याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. म्हणजे डेंग्यूचा संसर्ग आधी डासालाच होतो, आणि तो जन्मभर राहतो. तरी ती उडते, चावते, अंडी घालते. तिच्याकडे आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात. मग ती विषाणूला आवरते कशी?

तिचा मुख्य बचाव असा: विषाणूची जनुकीय माहिती आरएनएत, म्हणजे डीएनएसारख्याच अक्षरांच्या साखळीत असते. विषाणू वाढताना त्याचा दुपदरी आरएनए तयार होतो, डायसर-२ नावाचं प्रथिन त्याचे २१ अक्षरांचे तुकडे पाडतं, आणि त्या तुकड्यांच्या आधारे बाकीचा विषाणू शोधून कापला जातो. पण मला खरी भुरळ घातली आहे ती दुसऱ्या यंत्रणेने. तिचा कच्चा माल डासाच्या स्वतःच्या डीएनएत असतो.

एडिस इजिप्तीचा जिनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, सुमारे १२८ कोटी अक्षरांचा आहे. त्यात शंभराहून अधिक ठिकाणी जुन्या विषाणूंचे तुकडे सापडतात. त्यांचा पहिला ठोस पुरावा २००४ साली आला. हे विषाणू आरएनएचे, त्यांच्याकडे स्वतःला डीएनएत उतरवण्याची सोय नाही. ती सोय डासाकडेच आहे. त्याच्या जिनोममध्ये उड्या मारणाऱ्या जनुकांचा सुळसुळाट आहे आणि त्यांतली काही रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज बनवतात. संसर्गाच्या वेळी हे प्रथिन विषाणूच्या आरएनएवरून डीएनए बनवून बसतं. तो तुकडा अंडी किंवा शुक्राणू बनवणाऱ्या पेशीच्या जिनोममध्ये घुसला, तर पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळतो.

बहुतेक तुकडे निरुपयोगी असतात. जिनोममध्ये काही पट्टे मात्र असे आहेत, की त्यांच्यावरून निघालेल्या लांबलचक आरएनएचे २४ ते ३० अक्षरांचे छोटे तुकडे केले जातात. हे पायआरएनए. या पट्ट्यात विषाणूचा तुकडा उलट्या दिशेने बसलेला असेल, तर त्यापासून बनलेला पायआरएनए विषाणूच्या आरएनएशी नेमका जुळतो, कारण ए समोर यू आणि जी समोर सी अशी जोडी जमते.

पुढचं जरा सावकाश वाचा. हा पायआरएनए पिवी-५ नावाच्या प्रथिनात बसतो. जुळणारा विषाणू भेटला, की प्रथिन त्याचा आरएनए कापतं. कुठेही नाही, तर पायआरएनएच्या दहाव्या आणि अकराव्या अक्षराच्या बरोबर समोर. कापलेला तुकडा फुकट जात नाही. तो आर्गोनॉट-३ या दुसऱ्या प्रथिनात बसतो आणि स्वतःच नवा पायआरएनए बनतो. आता तो जिनोममधून निघालेल्या उलट्या आरएनएवर जाऊन काप देतो, त्यातून पुन्हा पहिल्या जातीचा पायआरएनए तयार होतो. पहिल्या जातीच्या सुरुवातीला बहुधा यू असतो, म्हणून दुसऱ्या जातीच्या दहाव्या जागी ए सापडतो, आणि दोघांची जुळणी पहिल्या दहा अक्षरांची असते. संशोधक ही खूण पाहूनच यंत्रणा चालू आहे हे ओळखतात. शत्रू जितका जास्त, तितके त्याला कापणारे तुकडे जास्त!

याचा पुरावा २०२० साली मिळाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मारिया-कार्ला सालेह आणि सहकाऱ्यांनी एडिसच्या जिनोममधून असा एक तुकडा क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने कापून काढला. तो होता सेल फ्यूजिंग एजंट व्हायरसचा, म्हणजे फक्त कीटकांत वाढणाऱ्या, डेंग्यूच्याच कुळातल्या विषाणूचा. तुकडा गेल्यावर तोच विषाणू डासांच्या अंडाशयात जास्त वाढला. अंडाशयातच, हे महत्त्वाचं, कारण हा विषाणू आईकडून पिल्लांकडे जातो.

हे वाचून कुणी 'पूर्वजांच्या आठवणी डीएनएत असतात' म्हणत गर्भसंस्काराच्या जाहिरातीत याचा दाखला देईल, म्हणून स्पष्टच लिहितो. इथे वारशाने जातो तो विषाणूचा प्रत्यक्ष तुकडा, तोही अपघाताने योग्य जागी पडलेला. अनुभव, विचार, श्लोक यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

'डासांना डेंग्यूची लस निसर्गानेच टोचली' हेही खरं नाही. जिनोममधले बहुतेक तुकडे कीटकांपुरत्या मर्यादित विषाणूंचे आहेत, डेंग्यूचे नव्हेत. शिवाय ही यंत्रणा एकटी पुरेशी नाही, आणि त्याचा दाखला पुण्याशी जोडलेला आहे. तिथली आजची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणुशास्त्र संस्था) म्हणजे तेव्हाचं व्हायरस रिसर्च सेंटर. तिथे १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस या एडिसच्याच दुसऱ्या जातीच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्यांतून पुढे निवडलेल्या सी६/३६ पेशींत आज जगभर डेंग्यूचा विषाणू वाढवतात. त्यात तो इतका छान वाढतो कारण या पेशींतलं डायसर-२ नादुरुस्त आहे. पायआरएनएची यंत्रणा चालू असूनही!

मग डेंग्यूचा तुकडा मुद्दाम योग्य पट्ट्यात बसवला तर? कल्पना मोहक आहे, पण डेंग्यूचे चार प्रकार आहेत, आरएनए विषाणू अक्षरं भराभर बदलतात, आणि जुळणी बिघडली की पिवी प्रथिन काप देत नाही.