अमेरिकेत स्काऊट्समध्ये मुलांचं नाव घालताना अर्ज नेमका कुठे अडतो

शाळा सुरू झाल्या की मंडळाच्या गणपतीत आरती संपते न संपते तोच कोणीतरी विचारतं, 'मुलाला स्काऊट्समध्ये घालायचंय, काय काय लागतं?' नाव घालायला फारसं काही लागत नाही. स्काऊटिंग अमेरिकाच्या (फेब्रुवारी 2025 पर्यंतचं नाव बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका) साइटवर झिप कोड टाका, जवळचा ट्रूप (स्काऊट मुलांचा स्थानिक गट) निवडा, एकदा जाऊन मीटिंग बघा, ऑनलाइन अर्ज आणि फी भरा. मुलींनाही ट्रूपमध्ये 2019 पासून प्रवेश आहे. नागरिकत्वाची अट नाही. राष्ट्रीय फी 2024 मध्ये वर्षाला 85 डॉलर झाली. कौन्सिलची (स्काऊट्सच्या आपल्या भागातल्या शाखेची) आणि ट्रूपची वर्गणी त्यावर वेगळी. पैसे भरले म्हणजे झालं असं मात्र समजू नका. ट्रूपकडून मंजुरी मिळेपर्यंत अर्ज तसाच पडून राहतो, आणि ती देणारेही नोकरी सांभाळून हे काम करणारे पालकच असतात. आठवड्यात उत्तर आलं नाही तर सरळ विचारा.

वयाची अट बरेच जण चुकीची वाचतात. ट्रूपमध्ये 11 पूर्ण ते 18 च्या आतली मुलं येतात. दहा वर्षांचं मूलही चालतं, पण पाचवी संपलेली हवी किंवा कब स्काऊट्समधला ॲरो ऑफ लाइट हा सर्वात वरचा बॅज मिळालेला हवा. त्याहून लहान मुलांसाठी कब स्काऊट्सचा पॅक, म्हणजे छोट्यांचा गट, आहे. जन्मतारीख भरताना आधी महिना, मग दिवस. 5 नोव्हेंबर आपल्या सवयीने 05/11 लिहिला की कागदोपत्री मूल 11 मे रोजी जन्मलेलं होतं आणि वयाचं गणित बिघडतं.

ट्रूप चर्चच्या तळघरात भरतो म्हणून काही जण दारातूनच परत फिरतात. बहुतेक ठिकाणी चर्च नुसती जागा देतं. अर्जात ईश्वराप्रति कर्तव्य मानण्याचा मजकूर असतो, पण धर्म कोणता हे घर ठरवतं. हिंदू मुलांसाठी धर्म आणि कर्म नावाची ऐच्छिक पदकंसुद्धा आहेत. घर पक्कं नास्तिक असेल तर तेवढा मजकूर सही करण्याआधी नीट वाचा.

खरा घोळ होतो तो आरोग्य फॉर्ममध्ये. भाग ए आणि बी पालकांनी भरायचे, ते सगळ्यांनाच लागतात. 72 तासांपेक्षा मोठा कार्यक्रम असेल, म्हणजे आठवड्याचा समर कॅम्प आलाच, तर भाग सी सुद्धा लागतो आणि त्यावर तपासणी करणाऱ्या परवानाधारक डॉक्टरची, नर्स प्रॅक्टिशनरची किंवा फिजिशियन असिस्टंटची सही हवी. पुण्याच्या डॉक्टरकाकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पत्र चालत नाही. शाळेच्या खेळांसाठी भरलेला फॉर्मही नाही, तपासणी तीच असली तरी! धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांतली असणं सक्तीचं आहे. भारतातलं लसीकरण कार्ड असेल तर त्यावरच्या तारखा आपल्या डॉक्टरकडून इथल्या नोंदीत चढवून घ्या. विमा कार्डाची प्रत दोन्ही बाजूंची. फॉर्म तपासणीपासून बाराव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत चालतो: 3 मार्चची तपासणी पुढच्या 31 मार्चपर्यंत. त्या पुढच्या वर्षीच्या जुलैच्या कॅम्पला ती कामाची नाही, आणि जूनमध्ये डॉक्टरची वेळ मिळता मिळत नाही. एप्रिल-मेमध्येच उरकून घ्या. औषधं सगळी लिहायची आणि मूळ बाटलीतच द्यायची. आजीने डबीत भरून दिलेल्या होमिओपॅथीच्या बिनलेबलच्या गोळ्या कॅम्पवर घेणार नाहीत.

'मीही कॅम्पला येते' म्हणणाऱ्या आयांसाठी: सप्टेंबर 2023 पासून ट्रूपच्या कॅम्पवर रात्री राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंदणी आणि मुलांच्या सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. कब स्काऊट्समध्ये स्वतःच्या मुलासोबत राहणाऱ्या पालकांना नोंदणीतून सूट आहे, ट्रूपमध्ये नाही. या नोंदणीत पार्श्वभूमी तपासतात आणि अर्जावर सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. एच-फोरवर (एच-वन व्हिसावाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांकडे तो बहुधा नसतो, तेव्हा घरात ज्याच्याकडे आहे त्याने नोंदणी करावी. निघायच्या आदल्या शुक्रवारी हे काही होत नाही.

आता अकरावीत मुलाला आणणाऱ्यांविषयी. कॉलेजच्या अर्जात ईगल स्काऊट (ट्रूपमधली सर्वात वरची पायरी) लिहायचं असतं, हे कोणी बोलत नसलं तरी कळतं. वरच्या पायऱ्या क्रमाने फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल. फर्स्ट क्लासनंतर स्टारला किमान चार महिने, त्यापुढे लाइफला सहा, मग ईगलला सहा. एकूण सोळा महिने. आणि अंतिम बोर्डाची मुलाखत सोडून बाकी सगळं, 21 मेरिट बॅज (एकेका विषयातल्या कौशल्याचे बिल्ले) आणि सेवा प्रकल्प धरून, अठराव्या वाढदिवसाआधी संपवायचं असतं. म्हणजे वाढदिवस 10 जून 2027 असेल तर फर्स्ट क्लास 10 फेब्रुवारी 2026 च्या आधीच हातात हवा. तो मिळण्याआधी ट्रूपचे दहा उपक्रम, त्यातले सहा बाहेरचे, त्यातले तीन मुक्कामी. उशिरा आलो हे मुदतवाढीचं कारण धरत नाहीत. सोळा उलटलेल्या मुलालाही जरूर आणा, पण कॅम्पिंग शिकायला म्हणून आणा आणि ईगलचं त्याला आधीच खरं सांगा.