चिपळूणचा बाजार खाडीच्या टोकाशी का बसला

जुलैत वाशिष्ठी नदीची पातळी ५ मीटरवर गेली की चिपळूणच्या बाजारपेठेत शटरं अर्धी खाली येतात. ५ मीटर ही इशारा पातळी, ७ ही धोक्याची. मधल्या दोन मीटरांत काय काय उचलून माळ्यावर टाकायचं, हे इथल्या दुकानदारांच्या पोरांनाही पाठ असतं. नगरपालिकेचा भोंगा वाजेपर्यंत थांबणारे आता फारसे उरलेले नाहीत. कुणी बाजारपुलावर जाऊन पाण्याचा रंग बघून येतं, कुणी मोबाइलवर भरतीची वेळ बघतं.

पूर ओसरला की पुण्या-मुंबईचं कुणीतरी हमखास विचारतं, एवढं पाणी भरतं तर तुम्ही तिथे राहता कशाला? आम्हा चिपळूणकरांना याचा राग येतो, पण उत्तर बऱ्याच जणांना माहीत नसतं. उत्तर साधं आहे. हा बाजार पाण्यासाठीच तिथे बसला. भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या टोकाला तो मुद्दाम मांडला गेला.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. वाशिष्ठी सह्याद्रीच्या कड्यांतून उतरते, थोड्याच अंतरात सगळी उंची गमावते आणि चिपळूणला पोचेपर्यंत सपाटीला लागलेली असते. पुढे तिची खाडी होते, आणि दाभोळ-अंजनवेलच्या मध्ये ती समुद्राला मिळते. चिपळूणपासून समुद्र चाळीसेक किलोमीटर लांब, तरी भरती गोवळकोटपर्यंत येते. गावाच्या पूर्वेला कुंभार्ली घाट, तो चढलात की पाटण, कऱ्हाड. म्हणजे होडीचा प्रवास जिथे संपतो आणि बैलाचा जिथे सुरू होतो, नेमकी ती ही जागा. मोठी गलबतं खाली दाभोळकडे थांबायची. उथळ बुडाच्या होड्या भरतीबरोबर वर यायच्या, माल उतरवायच्या आणि ओहोटीबरोबर परतायच्या. मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी घाटावर. गूळ, मिरची, कापूस, धान्य खाली. तेव्हा उंचावर दुकान थाटणारा मूर्ख ठरला असता. हमालीतच त्याचा नफा गेला असता.

परशुरामाची गोष्ट इथे टाळता येत नाही. त्याने बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण वसवलं ही कथा सगळ्या किनाऱ्याची. चिपळूणची तिच्यात एक जोड आहे. त्याने इथे साठ बनं आणि साठ तळी केली म्हणतात. त्याचं देऊळ शहराच्या उत्तरेच्या डोंगरावर आहे. साठ तळी कुणी मोजली देव जाणे, पण रामतीर्थ तलाव अजून आहे आणि काविळतळीसारखी नावं वस्तीला चिकटून राहिली आहेत. मला या कथेत पुराणापेक्षा जमिनीचं निरीक्षण जास्त दिसतं. पाणी साठणारी खोलगट जागा, आणि हे कथा रचणाऱ्यांना ठाऊक होतं. नंतर घरं बांधणारे मात्र विसरले.

बंदर म्हटलं की जकात आली, आणि जकातीवर बसायला किल्ला. गोवळकोट त्यासाठीच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होता. १७२७ मध्ये सिद्दी सातने परशुरामाच्या देवस्थानाची लूट केली, तिथे राहणारे, पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी चिडून घाटावर धावडशीला निघून गेले आणि त्यांनी पेशव्यांच्या मागे टुमणं लावलं. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. पुढे किल्ला तुळाजी आंग्र्यांनी घेतला. आज तटावरून खाली बघितलं की नदीचं वळण, त्यातली जुवाडं (गाळाची बेटं) आणि पलीकडची रेल्वेची कमान एका नजरेत येते. पायथ्याशी करंजेश्वरीचं देऊळ आणि त्याला लागून मोहल्ला. शिमग्यात देवीची पालखी लोकांनी जमिनीत पुरलेले नारळ शोधते, त्याला शेरणं काढणं म्हणतात. बंदर गेलं, पण बंदरावरची ही शेजारवस्ती तशीच आहे.

बंदर मेलं कसं? गाळाने मेलं असं सांगायची पद्धत आहे, पण पहिला घाव रेल्वेचा होता. १८९० च्या सुमारास पुण्याहून कऱ्हाड-मिरजमार्गे दक्षिणेकडे जाणारी लाइन पुरी झाली आणि घाटावरच्या मालाला कोकणात उतरायचं कारणच उरलं नाही. कोकण रेल्वे चिपळूणला आली ती तब्बल शंभर वर्षांनी, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आणि तीसुद्धा किनाऱ्याला समांतर. घाट चढून कऱ्हाडला जाणारा लोहमार्ग अजून कागदावर आहे.

माल थांबला तरी गाव हललं नाही. तोवर ते शहर झालं होतं. १८७६ मध्ये नगरपालिका आली, आणि तिच्याही बारा वर्षं आधी, १८६४ मध्ये, वाचनालय निघालं होतं. आज त्याचं नाव लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर; गावात 'लोटिस्मा' म्हटलं की पुरतं. आधी वाचनालय आणि मग गटारं, हा क्रम चिपळूणकर अभिमानाने सांगतात. गटारांची अवस्था बघता त्यात थोडी कबुलीही आहे. जानेवारी २०१३ मध्ये ८६वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, त्याचं यजमानपदही याच वाचनालयाने पेललं. शेजारच्या मिरजोळीत लेखक-समाजसुधारक हमीद दलवाई जन्मले, १९३२ साली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ५५ हजारांच्या आसपास होती. आजूबाजूच्या शेकडो वाड्यांचा आठवड्याचा बाजार, दवाखाना, कोर्ट, कॉलेज सगळं इथेच. म्हणून होड्या गेल्यावरही दुकानं होड्यांच्याच जागी राहिली. गिऱ्हाइकाला तीच जागा ठाऊक होती.

मग नदीच बदलली. कोयना धरणाचं पाणी स्वतःच्या उतारावर, पूर्वेला कृष्णेकडे जायला हवं. वीज काढण्यासाठी ते डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला वळवलं. पोफळीच्या वीजघराने १९६२ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली. तिथून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणात, तिथून आणखी एक वीजघर फिरवून वाशिष्ठीत. याला इकडे अवजल म्हणतात. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट). वर्षभराची सरासरी काढली तर सेकंदाला साठ हजार लिटर. घाटापलीकडच्या एका आख्ख्या नदीचं पाणी एका लहान कोकणी नदीच्या अंगावर घातलं गेलं.

याचा एक परिणाम कोकणात दुर्मीळ आहे. भर मे महिन्यात, जेव्हा बाकीच्या नद्यांत नुसते गोटे दिसतात, तेव्हा वाशिष्ठी वाहती असते. शहराचे नळ आणि जवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीचे कारखाने त्यावर चालतात. उलट कोयनेची वीजनिर्मिती बंद पडली की नदी उतरते आणि पंप उघडे पडतात. तिकडे डोंगरात मशीन दुरुस्तीला घेतलं की इकडे आमच्या गल्लीत बादल्या भरून ठेवायचा निरोप फिरतो.

आता पुराकडे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि नदीचं पाणी बाजारात येणं नवं नाही. जुने लोक त्याला 'पाणी आलं' एवढंच म्हणत. पायरी भिजायची, दुपारी ओसरायचं. २६ जुलै २००५ ला ते मोडलं. मुंबई बुडाली त्याच दिवशी चिपळूणही बुडालं, पण बातमी मुंबईची झाली. लोटिस्माची हजारो पुस्तकं तेव्हा गेली. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या भिंतीवर एक रेघ मारली आणि तिच्या वर फळी ठोकली.

आमच्या काकांच्या किराणा दुकानात ती रेघ सुताराच्या पेन्सिलीने मारलेली होती, खाली तारीख. २२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी आलं तेव्हा ते निर्धास्त होते, माल रेघेच्या वर होता. उजाडेपर्यंत रेघ गेली, फळी गेली, माळ्याची कडी गेली. तिसऱ्या दिवशी शटर उघडेना, कारण आत तांदळाची पोती फुगून दाराला टेकली होती. कटरने पट्ट्या कापल्या. घोट्याच्या वर चिखल, त्याला रॉकेल आणि आंबलेल्या पिठाचा वास. साखरेची पोती मात्र जागच्या जागी, नीट शिवलेली, आणि रिकामी. साखर विरघळून गेली होती. काका ती पोती हातात धरून बराच वेळ बघत बसले. विम्याच्या माणसाने नंतर त्याच पोत्यांचे फोटो मागितले.

त्या दिवशी एसटी आगाराचे व्यवस्थापक आणि काही कर्मचारी बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून होते, सोबत तिकिटांच्या हिशोबाची सुमारे ९ लाखांची रोकड. सरकारी पैसा भिजू द्यायचा नाही म्हणून. मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला आणि मदत घेऊन येणाऱ्या गाड्या अडल्या.

एवढं पाणी आलं कुठून, यावर चिपळुणात आजही दोन माणसांचं एकमत होत नाही. डोंगरात कोसळलेला पाऊस मान्यच. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे खाडीला उधाण. खालून भरती दाबून धरते तेव्हा वरचं पाणी पसरण्याखेरीज काय करणार? मधून वाहणारी शिवनदी इमारती आणि भरावांनी आवळलेली. तिसरा मुद्दा कोळकेवाडीचा. तिथून किती वाजता किती पाणी सुटलं, यावर लोक आणि सरकारी खातं यांची तेव्हा चांगलीच जुंपली. चौथा गाळ. डोंगर उघडे पडले, वणवे लागले, खासगी रानं तुटली. ती माती नदीत येऊन बसली, तिच्यावर झाडं उगवून जुवाडं झाली. माझं मत विचाराल तर एकट्या धरणावर बोट ठेवणं सोयीचं आहे, कारण मग शिवनदीत भराव कुणी घातला हे कुणी विचारत नाही. पण पूर्वसूचना नीट मिळाली असती तर काकांचा निम्मा माल वाचला असता, हेही तितकंच खरं.

डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण मांडलं. मुख्य मागणी, गाळ काढा. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष मांडवात शेजारी बसलेले दिसले. मग यंत्रं उतरली, नाम फाउंडेशनही मदतीला आलं, नदीतली काही जुवाडं हटली. काढलेला गाळ टाकायचा कुठे, हा पुढचा वाद. काही ठिकाणी तो काठावरच ढीग होऊन राहिला आणि पहिल्या पावसात परत निघाला.

दरम्यान पूररेषा आल्या, निळी आणि लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम जवळपास अशक्य, लालच्या आत अटी. कागदावर हे शहाणपणाचं आहे. पण जुनी बाजारपेठ या रेषांत सापडते, आणि तिथल्या माणसाला आता घर पाडून उंच बांधायचं म्हटलं तर परवानगी अडते. म्हणजे पाण्यापासून वाचायचा उपाय पाण्याच्या नियमात अडकला. रेषा फेरआखा म्हणून अर्ज गेले. शहराला दुसरीकडे सरकवायचं म्हटलं तर सपाट जमीन कुठे आहे? एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे भरतीत बुडणारी खाडीकाठची जमीन.

मगरी मात्र कुठल्याही रेषेला बांधलेल्या नाहीत. वाशिष्ठीत त्या पूर्वीपासून आहेत. जून २०२४ च्या शेवटी भर पावसात त्यातली एक रात्री रस्त्यावर फिरताना दिसली आणि व्हिडिओ देशभर पोचला. बाहेरच्यांना गंमत वाटली. आम्ही दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ बघितली.

आणि आता अवजलाचा जुना प्रस्ताव पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. कोयनेचं हे पाणी वाशिष्ठीत सोडून समुद्राला जाऊ देण्यापेक्षा मुंबईला न्यावं, अशी ती योजना. पावसाळ्यात हे ऐकून चिपळुणात कुणी रडणार नाही, न्या म्हणतील. पण पाइप बारा महिने चालणार आणि शहराचे पंप त्याच पाण्यावर आहेत, म्हणून मे महिन्यात नदीत किती पाणी ठेवणार, हा आकडा लोक आधी मागताहेत.