परदेशातील सीफूड रेस्टॉरंटमधील जेवण

परदेश प्रवासात समुद्रकाठच्या किंवा मासळीबाजारालगतच्या रेस्टॉरंटमध्ये घेतलेले जेवण. इतर जेवणापेक्षा याचे वेगळेपण असे की अनेक देशांत भाव पदार्थाचा नसतो, मासळीच्या वजनाचा असतो. किती पैसे पडणार आणि ताटात काय येणार, हे दोन्ही मासळी स्वयंपाकघरात जाण्यापूर्वी ठरून जाते. बहुतेक वाद याच टप्प्यावरच्या घाईतून होतात.

मेनूवरील आकडा कोणत्या एककाचा आहे, हे आधी पाहावे. इटलीत भाव बहुधा ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा असतो. ८ युरो एत्तो या दराने ७०० ग्रॅमचा मासा ५६ युरोंना पडतो. ८ युरोंत अख्खा मासा मिळेल असे समजणारा पर्यटक बिल आल्यावर भांडत बसतो. ग्रीसमध्ये भाव किलोचा, थायलंडमध्ये पुष्कळदा ‘खीद’चा म्हणजे १०० ग्रॅमचा. चिनी रेस्टॉरंटांत तर एकाच चिन्हाने लिहिलेले ‘जिन’ हे वजन चीनच्या मुख्य भूमीवर ५०० ग्रॅम, तैवानमध्ये ६०० आणि हाँगकाँगमध्ये सुमारे ६०५ ग्रॅम भरते. हाँगकाँगमध्ये त्याला कॅटी म्हणतात. आकड्याऐवजी स्पेनमध्ये ‘सेगून मेर्कादो’, जपानमध्ये ‘जिका’ असे लिहिलेले आढळते. दोन्हींचा अर्थ ‘बाजारभावाप्रमाणे’. अशा वेळी त्या दिवसाचा दर विचारणे हा उद्धटपणा मानला जात नाही. विचारूनही आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर तो पदार्थ मागवू नये.

वजन समोर करून घ्यावे. मासा काट्यावर ठेवण्याआधी शून्य दिसते का, टोपलीचे वजन वजा झाले का, पिशवीत पाणी आहे का, खेकड्याच्या नांग्या ओल्या जाड दोरीने बांधल्या आहेत का, हे पाहणे पुरेसे असते. वजन सहसा खवले व आतडी काढण्यापूर्वीचे धरतात, त्यात लबाडी नसते. एकूण रक्कम कागदावर लिहून घ्यावी आणि निवडलेल्या मासळीचे छायाचित्र काढावे. टाकीतली जिवंत मासळी दाखवून आत मेलेली शिजवणे ही जुनी युक्ती आहे. खेकडा व शेवंड यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही, कारण मेल्यानंतर त्यांच्याच पाचकरसांनी व जिवाणूंनी मांस झपाट्याने बिघडते.

माणशी अख्खा मासा ४०० ते ५०० ग्रॅम पुरतो, कारण डोके, काटे व आतडी गेल्यावर साधारण निम्माच खाण्याजोगा उरतो. खेकड्यात मांस जेमतेम पाव हिस्सा असते. दोघांसाठी दीड किलोचा मासा सुचवणारा वेटर स्वतःचा फायदा पाहत असतो.

काही ठिकाणी खरेदी आणि स्वयंपाक यांचे पैसे वेगळे असतात. हाँगकाँगचे लेई यू मून, सोलचा नोर्यांगजिन बाजार आणि मनिलातील ‘दांपा’ येथे मासळी गाळ्यावर घ्यायची आणि शेजारच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये शिजवून घ्यायची. कोरियात माणशी बैठकीचे शुल्क व शिजवण्याचे शुल्क निरनिराळे लागते. गाळेवाल्यानेच रेस्टॉरंट सुचवले तरी हे दर आधी विचारावेत. मसाला किंवा सॉस जितका भारी तितके शिजवण्याचे शुल्क जास्त. ताज्या मासळीला वाफवणे किंवा नुसते भाजणे स्वस्तही पडते आणि चवीलाही न्याय देते.

पोर्तुगालमध्ये न मागता टेबलावर येणारा पाव, ऑलिव्ह, चीज यांना ‘कुव्हेर’ म्हणतात. न मागवलेल्या व न खाल्लेल्या कुव्हेरचे पैसे तेथील कायद्याने लावता येत नाहीत. इटलीतील ‘कोपेर्तो’ मात्र माणशी बैठकीचे शुल्क आहे, पावाला हात लावला नाही तरी ते बिलात येते. इटलीच्या मेनूवर पदार्थापुढे तारांकन दिसले, तर मासळी गोठवलेली असण्याची शक्यता असते. तळटीप पाहावी.

कच्च्या मासळीतील अनिसाकिस या कृमीसाठी युरोपीय संघात कच्चा वाढायचा मासा, काही अपवाद वगळता, आतपर्यंत उणे २० अंश सेल्सियसला किमान २४ तास गोठवलेला असावा लागतो. गोठवणे म्हणजे शिळेपणा नव्हे. कच्च्या कालवांतील व्हिब्रिओ जिवाणू यकृताच्या रुग्णांना प्राणघातक ठरू शकतात. त्यांनी कालवे शिजवलेलीच घ्यावीत. काही विषे मात्र शिजवूनही जात नाहीत. कॅरिबियन व पॅसिफिक बेटांवर बॅराकुडासारख्या मोठ्या प्रवाळ-माशांत सिग्वाटेरा विष साठते. ते चवीला किंवा वासाला कळत नाही. नीट थंड न ठेवलेल्या टूना, बांगडा यांसारख्या माशांत हिस्टामिन वाढते. तिखट झणझणाट जाणवला किंवा खाल्ल्यावर लवकरच चेहरा लाल झाला, तर पुढचा घास घेऊ नये. ही लक्षणे अ‍ॅलर्जीसारखी दिसतात, पण दोष माशाच्या साठवणुकीचा असतो.

खरी अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी स्थानिक भाषेतील चिठ्ठी वेटरला नव्हे, स्वयंपाक्याला दाखवण्यास सांगावी. युरोपीय संघाच्या १४ अ‍ॅलर्जीकारकांच्या सक्तीच्या यादीत मासे, कवचधारी प्राणी आणि शिंपले-माकूळ यांचा मृदुकाय वर्ग वेगवेगळे दिलेले आहेत. अमेरिकेच्या ९ प्रमुख अ‍ॅलर्जीकारकांत मृदुकाय येतच नाहीत, म्हणून तिथे कालवे किंवा माकूळ यांचा उल्लेख स्वतः करावा लागतो. आग्नेय आशियात भाजीतही कोळंबीची पेस्ट, फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो, आणि तळणीचे तेल बहुधा सगळ्यांना एकच असते.