सिरिलिक आणि सिरिल

२४ मे रोजी बल्गेरियात सार्वजनिक सुटी असते. संत सिरिल आणि मेथोडियस या भावांच्या स्मरणार्थ शाळकरी मुलं मिरवणूक काढतात. त्यांच्या हातातल्या फलकांवरची सिरिलिक लिपी मात्र सिरिलने घडवलेली नाही.

आजच्या ग्रीसमधल्या थेसालोनिकीत वाढलेल्या या भावांना आसपासच्या स्लाव्ह लोकांची बोली येत होती. ८६३ च्या सुमारास मोरावियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या परिसरातलं स्लाव्ह राज्य) राजाच्या विनंतीवरून बायझंटाइन सम्राटाने त्यांना तिकडे धाडलं. जर्मन धर्मगुरू तिथे आधीपासून होते, पण त्यांची लॅटिन उपासना लोकांना कळत नव्हती. स्लाव्ह बोलीतल्या च, श अशा ध्वनींना ग्रीकमध्ये अक्षरंच नव्हती. धाकट्या भावाने नवी लिपी रचली, ती ग्लागोलिटिक. वर्तुळं आणि त्रिकोण जोडून केलेली वळणं, आणि पहिलं अक्षर थेट क्रुसासारखं.

तेव्हा त्याचं नाव कॉन्स्टंटाइन होतं. ‘सिरिल’ हे नाव त्याने रोममध्ये मठाची दीक्षा घेताना धारण केलं आणि जेमतेम ५० दिवसांत, १४ फेब्रुवारी ८६९ रोजी, तो वारला.

देवाची उपासना फक्त हिब्रू, ग्रीक आणि लॅटिनमध्येच व्हावी असं म्हणणाऱ्यांशी त्याने व्हेनिसमध्ये वाद घातला होता. रोमने त्याची स्लाव्ह पुस्तकं मान्यही केली. तरीही मेथोडियसला बव्हेरियाच्या बिशपांनी सुमारे अडीच वर्षं कोंडून ठेवलं. हा उघड अन्याय होता. ८८५ मध्ये मेथोडियस वारला, नव्या पोपने स्लाव्ह उपासनेवर बंदी घातली आणि शिष्यांना हाकलून देण्यात आलं. (वसईच्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा यायला १९६० चं दशक उजाडलं, हे इथे आठवतं.)

शिष्यांना बल्गेरियाने आसरा दिला. ग्रीक अक्षरं जवळजवळ जशीच्या तशी घेऊन, उरलेल्या ध्वनींसाठी काही नवी चिन्हं जोडून तिथे जी लिपी तयार झाली, तिला गुरूचं नाव लागलं. चरित्रकाराने लिपीचं नाव लिहिलं नसल्यामुळे सिरिलची लिपी कोणती, यावर विद्वानांत बराच काळ वाद चालला. बल्गेरियातल्या बोयानाच्या हस्तलिखितात चर्मपत्र खरवडून सिरिलिक लिहिलेलं आहे, आणि खाली पुसट दिसतं ते ग्लागोलिटिक, म्हणजे तिथे तीच आधी लिहिलेली होती. माझ्या मते हा पुरावा बोलका आहे.

क्रोएशियात ग्लागोलिटिक टिकली, पण तिथे ती बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या संत जेरोमची म्हणून ओळखली जाई. १२४८ मध्ये पोपने तिथल्या सेन्य या गावच्या बिशपला ती वापरायची परवानगी दिली.

२००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात आल्यावर सिरिलिक ही संघाची तिसरी अधिकृत लिपी झाली. २०१३ पासून युरोच्या नव्या नोटांवर ‘युरो’ हा शब्द सिरिलिकमध्येही छापला जातो.