व्हीएनडीबीवर नोंद कशी करायची: पात्रता, पुरावे आणि नेहमीच्या त्रुटी

दिवसभर मी परभणीत सेवा केंद्राच्या काउंटरमागे असतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेयर. जून आला की डबा उघडायलाही फुरसत नसते. रात्री मात्र व्हीएनडीबीवर, म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेलच्या ऑनलाइन माहितीकोशात, नोंदी भरत बसतो. मागं नांदेडची चार इंजिनिअरिंगची पोरं आली. म्हणाली, "दादा, आमच्या गेमची तिथं नोंद करायचीय. कागदपत्रं काय काय लागतात?" प्रश्न काउंटरवरचाच होता, म्हणून उत्तरही त्याच पद्धतीनं लिहून काढतोय.

व्हिज्युअल नॉव्हेल म्हणजे चित्रं आणि संगीताच्या साथीनं स्क्रीनवर वाचायची गोष्ट. अधूनमधून आपल्याला पर्याय निवडायला लावते आणि त्यावर पुढचं वळण ठरतं. हा प्रकार जपानमध्ये वाढला. व्हीएनडीबी हा अशा गोष्टींचा माहितीकोश २००७ पासून चालू आहे आणि तो वाचणाऱ्यांनीच भरलेला आहे. गेम तिथं मिळत नाही, फक्त त्याची माहिती मिळते.

पात्रता. माणसाची पात्रता अगदी साधी: युजरनेम, ईमेल आणि एक खातं. फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, जपानी यायलाच हवं असंही नाही. फॉर्म इंग्रजीत आहे आणि गोष्टीचं वर्णनही इंग्रजीतच द्यावं लागतं, तेवढं जमलं पाहिजे. एक सांगून ठेवतो, या प्रकारात प्रौढांसाठीचं साहित्य भरपूर आहे. शाळकरी भाच्याला हे काम शिकवायला मी बसवणार नाही.

खरी पात्रता तपासली जाते ती गेमची. वाचत पुढं जाणं हाच त्याचा मुख्य भाग हवा. दोन मारामाऱ्यांच्या मधे चार संवाद असले म्हणून तो व्हिज्युअल नॉव्हेल होत नाही. पोरांची गोष्ट कंधारच्या किल्ल्यात घडते. त्यात जिना शोधायचं एक कोडं आहे, बाकी सगळं वाचन. त्यामुळं अडचण नव्हती.

आता फॉर्म. सगळे अडकतात ते इथंच, म्हणून जरा सावकाश सांगतो. कादंबरीचं, म्हणजे व्हिज्युअल नॉव्हेलचं, पान वेगळं आणि तिच्या आवृत्तीचं, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर आलेल्या प्रतीचं, पान वेगळं. निर्माता, पात्रं, काम करणारी माणसं यांचीही पानं स्वतंत्र. पोरांनी आधी कादंबरीचं पान उघडलं आणि अर्धा तास 'आमच्या ग्रुपचं नाव कुठं टाकायचं' ते शोधत बसली. ते तिथं टाकताच येत नाही. सातबाऱ्यावर मालकाचं नाव आपण थेट लिहितो का? फेरफार मंजूर होतो आणि मग नाव सातबाऱ्यावर येतं. इथं आवृत्ती म्हणजे फेरफार. निर्माता, प्लॅटफॉर्म, तारीख हे सगळं आवृत्तीत भरायचं. तिथून ते कादंबरीच्या पानावर आपोआप चढतं.

म्हणून क्रम असा धरा. आधी शोध घेऊन त्या नावाची नोंद नाही ना, ते बघा. दुबार नोंद ही सगळ्यात जुनी डोकेदुखी. मग कादंबरीचं पान. निर्मात्याचं पान नसेल तर ते करा. तिथं कंपनी, एकटी व्यक्ती आणि हौशी गट असे प्रकार आहेत. पोरं 'कंपनी' निवडायला निघाली होती, मी हौशी गट निवडायला लावला. शेवटी आवृत्ती: भाषा, प्लॅटफॉर्म, इंजिन (गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधला ते), आवाज दिलेला आहे की नाही, मोफत आहे की विकत, आणि ती पूर्ण आहे, अर्धवट आहे की नुसती चाचणीची. पोरांनी रेन'पाय वापरलं होतं. ते फुकट मिळतं, नवख्यांना सोपं पडतं, आणि इंजिनच्या रकान्यात ते लिहिलं की झालं.

कागदपत्रं, म्हणजे पुरावे. आधार-पॅन कुणी मागत नाही. लागतं ते हे: गेमच्या अधिकृत पानाची लिंक, गेममधलीच श्रेयनामावली, डबाबंद प्रत असेल तर तिच्यावरचा बारकोड, आणि स्क्रीनशॉट. प्रत्येक बदल जतन करताना खाली एक रकाना येतो: काय बदललं आणि कशावरून. हे आपलं स्वयंघोषणापत्र समजा. त्यात नुसतं 'अपडेट' लिहून पुढं जाऊ नका. तारीख कुठून घेतली, श्रेय कुठून घेतलं, ते लिंकसकट लिहा. वर्णन दुसरीकडून उचललं असेल तर शेवटी कुठून घेतलं ते नमूद करा, आणि गोष्टीचा शेवट त्यात फोडू नका.

हे मी स्वतः ठेच लागून शिकलो. एका जपानी गेमची तारीख मी आठवणीतून टाकली होती. ती निघाली चाचणी आवृत्तीची. पूर्ण गेम कितीतरी महिन्यांनी आला होता. कुणीतरी लिंक देऊन ती दुरुस्त केली, आणि माझी चूक माझ्या नावानं इतिहासात तशीच राहिली. जुना प्रत्येक बदल तिथं साठवलेला असतो, खाडाखोड लपत नाही. महिना माहीत नसेल तर नुसतं वर्ष टाकता येतं. तसंच करावं.

आता नावं. काउंटरवर माझे निम्मे अर्ज याच त्रुटीनं परत येतात: टीसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि तिसऱ्याच कागदावर 'शिंदे'चं 'सिंदे'. तिथंही हेच दुखणं आहे. जपानी माणसाचं आडनाव आधी लिहायचं. मूळ लिपीतलं नाव एका रकान्यात, रोमन दुसऱ्या. रोमन लिहायचीही ठरलेली रीत आहे. टोकियो आपण इंग्रजीत लिहितो तसं चालत नाही. जपानी लिपीत दीर्घ ओ-पुढं उकाराचं अक्षर येतं, म्हणून रोमनमध्येही ओ-पुढं यू लागतो. उलट 'हा' लिहून 'वा' म्हणायचा जो प्रत्यय आहे, तो उच्चाराप्रमाणं लिहितात. एकच माणूस दोन गेममध्ये दोन नावांनी काम करत असेल तर त्याची दोन पानं काढायची नाहीत. एकाच पानावर दोन्ही नावं ठेवायची आणि त्या गेममध्ये छापलं असेल तेच निवडायचं.

पोरांचंही इथंच अडलं. टायटल स्क्रीनवर कंधार बरोबर होतं, डाउनलोडच्या पानावर मात्र ऑटोकरेक्टनं त्याचं कंदाहार करून टाकलेलं. नांदेड जिल्ह्यातला किल्ला थेट अफगाणिस्तानात! मी म्हटलं, आधी तुमचं पान दुरुस्त करा, मग नोंद. चौथ्या पोराला स्वतःचं नाव द्यायचं नव्हतं. घरी अजून सांगितलं नव्हतं म्हणे. मग गेमच्या श्रेयनामावलीत त्यानं टोपणनाव घातलं आणि नोंदीतही तेच घेतलं. नोंदीसाठी खरं नाव खणून काढायची गरज नसते.

स्क्रीनशॉट गेमच्या मूळ आकारातच हवेत. खिडकीची चौकट, खालची टास्कबार काही नको. मोबाईलनं मॉनिटरचा फोटो काढून चालत नाही. (हो, आणला होता.) चित्रं किती उघडी किंवा हिंसक आहेत, ते बाकीचे सदस्य मत देऊन ठरवतात. टॅगचंही (गोष्टीत काय आहे ते सांगणारे शब्द) तसंच: उणे ३ ते अधिक ३ मत द्यायचं आणि त्या टॅगनं रहस्य फुटतं का ते सांगायचं. यादीत नसलेला टॅग सुचवता येतो, पण तो मंजुरीसाठी थांबतो.

कुणी हौसेनं भाषांतराचा पॅच (मूळ गेमवर चढवायची फाइल) केला असेल तर त्याची आवृत्ती वेगळी. 'पॅच' आणि 'अनधिकृत' या दोन्ही खुणा करायच्या, आणि मशीननं केलेलं असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगायचं.

अर्ज भरल्यावर किती दिवस लागतात? एकही नाही. आमच्याकडं आधी मंजुरी आणि मग दाखला. तिथं आधी नोंद आणि मग तपासणी. जतन केलं की पान सगळ्यांना दिसतं. मात्र पान काढून टाकणं फक्त मॉडरेटरांच्या हातात आहे, तेव्हा 'बघू तरी' म्हणून खोटी नोंद करू नये.

पोरांचं पान रात्री साडेअकराला जतन झालं. आवाजाचा रकाना त्यांनी तेवढा परत उघडायला लावला. 'आवाज नाही' वर खूण होती, पण किल्ल्यातल्या म्हातारीचं एक वाक्य एकाच्या आज्जीनं म्हटलेलं होतं. मग 'अंशतः' केलं, आणि श्रेयनामावलीत होतं तसंच आज्जीचं नाव जोडलं.