चांदी (अलंकारकामातील)

अलंकारासाठी सोन्याखालोखाल वापरली जाणारी धातू. ‘रजत’ हा शब्द ऋग्वेदात ‘पांढरे, चकाकणारे’ अशा विशेषणाच्या अर्थाने येतो. धातुवाचक नाम म्हणून तो नंतर रूढ झालेला दिसतो. तैत्तिरीय संहितेत ‘रजत हिरण्य’ असा जोडप्रयोग असून ते रडणाऱ्या अग्नीच्या अश्रूंपासून झाले, म्हणून यज्ञात दक्षिणा म्हणून देऊ नये, असे म्हटले आहे. मराठी ‘रुपे’ ‘रूप्य’पासून आले. पाणिनीच्या सूत्रानुसार (५.२.१२०) रूप्य म्हणजे ठसा उमटवलेले किंवा देखणे. पहिला अर्थ धरल्यास शब्द नाण्याकडून धातूकडे गेला असे मानावे लागते. तेच अधिक संभवनीय वाटते.

शुद्ध चांदी ९६१.८° से. तापमानाला वितळते. तिची घनता १०.४९ ग्रॅ./घ.सेंमी. असून मोस श्रेणीवरील (कठिनतेच्या १ ते १० अशा मापावरील) कठिनता २.५ ते ३ भरते. पत्रा ठोकण्यास व तार ओढण्यास सोन्याखालोखाल तीच सोयीची. वितळलेली चांदी मात्र हवेतील ऑक्सिजन स्वतःच्या घनफळाच्या सुमारे २० पट शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते. वरची साय फुटते, आतला रस उसळतो व पृष्ठावर फोड आणि शेंडे उभे राहतात. म्हणून आटणीच्या वेळी मुशीत कोळशाचा थर ठेवतात. कौटिलीय अर्थशास्त्रात हिणकस रूप्य चौथा हिस्सा शिसे घालून शुद्ध करावे आणि ‘उद्गतचूलिक’ (चूलिका वर आलेले), स्वच्छ, तेजस्वी व दह्याच्या रंगाचे झाले की शुद्ध समजावे, असे सांगितले आहे. ‘चूलिका’ म्हणजे नेमके काय, याचे अर्थ वेगवेगळे लावता येतात. परंतु हेच थिजतानाचे शेंडे अभिप्रेत असावेत. तांबे उरले असेल तर ते ऑक्सिजन स्वतःकडे ओढते व शेंडे उठत नाहीत, म्हणजे खूण शास्त्रशुद्ध ठरते. ग्रंथाचा काळ मौर्य मानण्याची परंपरा असली, तरी उपलब्ध संहिता इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील असावी, या मताकडे अलीकडे कल आहे.

शुद्ध चांदी दागिन्याला मऊ पडते. म्हणून तीत तांबे घालतात. स्टर्लिंग चांदीत ९२.५ टक्के चांदी असते. सुमारे २८ टक्के तांब्याच्या मिश्रणाचा वितळबिंदू तर ७८० अंशांच्या आसपास येतो. झाळकामाच्या (सांधे जोडण्याच्या) मिश्रणांत याच्याच जोडीला जस्त घालून तो आणखी उतरवतात. तांब्याचा तोटा दागिना तापवताना कळतो. ऑक्सिजन पृष्ठाखाली शिरून तांब्याशी संयोग पावतो आणि झिलई करताना जांभळट-करडा डाग उघडा पडतो. तो वरवर घासून जात नाही. दागिना पुन्हापुन्हा तापवून सौम्य तेजाबात किंवा चिंचेच्या पाण्यात उकळला, की वरचे तांबे विरघळून शुद्ध चांदीची पातळ, दुधी साय वर राहते.

चांदी काळी पडते ती गंजामुळे नव्हे. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून विकले जाणारे दागिनेही बहुधा गंधकाच्या संयुगांनीच काळे केलेले असतात. नाव रसायनदृष्ट्या चुकीचे, पण आता बदलणे नाही. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तर चांदी मुळीच नसते, ते तांबे, निकेल व जस्ताचे मिश्रण होय. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २११२ या मानकात शुद्धतेच्या ९९०, ९७०, ९२५, ९००, ८३५, ८०० (दर हजार भागांत चांदीचे भाग) इत्यादी प्रती आहेत.

मोहेंजोदडो येथे चांदीची भांडी व दागिने सापडले आहेत. सोने पायात घालू नये या समजुतीमुळे पैंजण, तोडे, वाळे, जोडवी, मासोळ्या चांदीच्याच करतात. जोडवे तळव्याकडच्या बाजूने आधी झिजते. त्यामुळे मोडीत घालताना ते घेतल्या वजनाचे भरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे चांदीकामाचे मोठे केंद्र आहे. तारकामासाठी ओडिशातील कटक व तेलंगणातील करीमनगर प्रसिद्ध आहेत.